वगळलेल्यांची यादी : मोबाइल, मैत्री आणि आपली अस्मिता

चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्या तरुणांच्या मोबाइलवरील लेखनाविषयी मला काही लिहावयाचे आहे, असे मी सांगितले तेव्हा आमच्या स्टाफरूममधले एक प्राध्यापक हसले. समीक्षा कवितेची होते, कथेची होते, फार तर लोकगीतांची होते. चोवीस तासांत आपोआप पुसल्या जाणाऱ्या चार ओळींच्या ‘स्टेटस’ची कसली समीक्षा, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या हसण्याचा मला राग आला नाही. आपल्या साहित्याकडे पाहूनही एके काळी असेच हसले गेले होते. ही कसली भाषा, हे कसले अनुभव, याला वाङ्मय कोण म्हणेल, हे प्रश्न आपल्या आधीच्या पिढीने ऐकले आणि लिहून दाखवून त्यांना उत्तर दिले. म्हणून माणूस जेथे स्वतःविषयी काही सांगू पाहतो, ते सारे तपासण्यासारखे आहे, ही आपल्या समीक्षेची भूमिका असली पाहिजे. मात्र तपासणे म्हणजे कौतुक करणे नव्हे.

मी पिंपरी-चिंचवड परिसरातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझे वडील लातूर जिल्ह्यात सालगडी होते. आमच्या घरात पदवीचा कागद प्रथम माझ्या नावाने आला. माझ्या वर्गातली निम्मी मुले परभणी, नांदेड, हिंगोली, बुलढाणा या भागांतून आलेली असतात. ती नाईट शिफ्ट करून सकाळच्या तासाला बसतात आणि बसल्या बसल्या झोपतात. मी त्यांना उठवत नाही. ही मुले चाकण, खराबवाडी, मेदनकरवाडी, निघोजे या गावांतून कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत चार कॉट आणि सहा माणसे असतात. दोघे कामावर असले की त्यांच्या जागेवर दुसरे दोघे झोपतात.

गेल्या वर्षी १३ एप्रिलच्या संध्याकाळी त्यांपैकी एक विद्यार्थी माझ्याकडे आला. परभणीकडचा, बौद्ध घरातला, प्रेस शॉपमध्ये ठेकेदाराकडून कामाला. बाबासाहेबांवर त्याने चार ओळी लिहिल्या होत्या आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासून हवे होते. ओळी चांगल्या होत्या. बाबासाहेबांना त्याने सूर्य म्हटले नव्हते, महासागर म्हटले नव्हते. वसतिगृहातल्या दिव्याखाली वाचत बसलेला एक विद्यार्थी म्हटले होते. मी दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. त्याने त्या ओळी निळ्या रंगावर चढवल्या. पण स्टेटस टाकण्यापूर्वी त्याने फोनमधली एक यादी उघडली आणि तो एकेका नावापुढे खूण करू लागला.

“हे काय करतोस?” मी विचारले.

“सर, ही वगळायची यादी. यांना दिसणार नाही.”

मी ती यादी पाहिली. तीत खोलीमालक होता. सुपरवायझर होता. ठेकेदाराचा माणूस, मेसवाल्या मावशी, किराणा दुकानदार होता. आणि त्याच्या खोलीतले तिन्ही रूमपार्टनर होते. ज्यांच्याशी तो दिवसातून दहा वेळा बोलत होता ते सारे त्या यादीत होते. ज्यांना तो वर्षातून एकदाही भेटत नव्हता त्या चारशे जणांना ओळी दिसणार होत्या. व्हॉट्सअॅपने ही सोय फार साधी करून ठेवली आहे. ‘यांना सोडून सर्वांना’ असा पर्याय निवडला की झाले. बहिष्कृतांच्या मुलाने बाबासाहेबांच्या जयंतीला आपल्या शेजाऱ्यांची ‘वगळलेल्यांची यादी’ करावी, ही गोष्ट त्या रात्री मला झोपू देईना.

बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली आला. त्यातील शीर्षककथेचा नायक रेल्वेत नोकरी मिळवून परक्या गावी जातो आणि राहायला जागा मिळावी म्हणून जात सांगत नाही. त्याच्या बोलण्याने, त्याच्या बुद्धीने भारावलेली माणसे त्याला डोक्यावर घेतात आणि जात उघडी पडताच तीच माणसे त्याच्यावर तुटून पडतात. त्याला सोडवतो तो काशिनाथ, ज्याने जात चोरलेली नाही. बागुलांच्या कथेत चोरणारा आणि न चोरणारा हे दोन वेगळे पुरुष आहेत. माझ्या विद्यार्थ्यात ते दोघे एकाच देहात राहतात. खोलीत तो जात चोरणारा असतो आणि फोनमध्ये काशिनाथ असतो. बागुलांच्या नायकाला ही सोय नव्हती. म्हणून त्याचे चोरणे त्याला चोवीस तास जाळत होते. फोनमध्ये निळा झेंडा उभारता येतो, त्यामुळे खोलीतल्या मौनाची आग थोडी कमी होते. ती कमी होते हे चांगले की वाईट, हा या लेखाचा खरा प्रश्न आहे.

येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. जात लपवणाऱ्या तरुणाला भित्रा म्हणणे सोपे आहे. मी तसे म्हणणार नाही. मे २०१५ मध्ये शिर्डी येथे नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या एका दलित तरुणाची हत्या झाली. त्याच्या मोबाइलची रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची होती आणि भांडण त्यावरून सुरू झाले, अशी ती फिर्याद होती. फोन वाजला, एवढाच त्याचा अपराध. ज्या महाराष्ट्रात हे घडले त्या महाराष्ट्रात वीस-बावीस वर्षांच्या मुलाने आपला फोन कोणासमोर वाजू द्यावा आणि कोणासमोर देऊ नये याचा हिशेब केला, तर दोष हिशेब करणाऱ्याचा नाही. दोष त्याला हिशेब करायला लावणाऱ्यांचा आहे.

या माध्यमाने दिलेले मोठे दानही मान्य केले पाहिजे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादला रोहित वेमुलाचा मृत्यू झाला, त्यानंतर त्याचे पत्र देशभर फोनमधूनच पोहोचले. त्याच महिन्यात पत्रकार यशिका दत्त यांनी इतकी वर्षे लपवलेली आपली दलित ओळख समाजमाध्यमांवर जाहीर केली आणि पुढे २०१९ मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. कोणत्याही संपादकाची परवानगी न घेता माणूस ‘मी हा आहे’ असे म्हणू शकला, ही मूकनायकाच्या वाटेवरचीच गोष्ट आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ते पाक्षिक काढले तेव्हा मुक्यांना तोंड हवे होते. आज प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे. पण कॉट बेसिसवरच्या तरुणाला डोक्यावरचे छप्पर महिन्यामहिन्याने मागून घ्यावे लागते. त्याच्या घोषणेची किंमत दुसरे कोणी भरणार नाही. तोच भरणार आहे.

मग साहित्य म्हणून या लेखनाचे मूल्यमापन कसे करावयाचे? माझ्या मते येथे कसोटी एकच आहे : हे लेखन कोणाला वाचू देते?

१९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ आले. त्यात दगडू मारुती पवार आणि दया पवार ही एकाच माणसाची दोन नावे समोरासमोर बसून बोलतात. एक नाव गावाने आणि आईबापाने दिलेले, दुसरे लिहिण्याने आणि शहराने दिलेले. दोन नावांनी जगणे हे दुःख त्यांनाही होते. पण त्यांनी त्या दोन नावांची गाठ एका पुस्तकात घालून दिली आणि ते पुस्तक बाजारात ठेवले. ते कोणी घ्यावे आणि कोणी घेऊ नये हे ठरवणे त्यांच्या हाती राहिले नाही. कार्यालयातल्या साहेबाने ते वाचले, शेजाऱ्याने वाचले, आपल्याही माणसांनी वाचले. आपल्यातल्या काहींना ते आवडले नाही, हेही आपण जाणतो. बेबीताई कांबळे यांनी फलटणला दुकानात बसून घरच्यांच्या नकळत लिहिले आणि ते लेखन वर्षानुवर्षे लपवून ठेवले. लपवणे त्यांच्याही वाट्याला आले. पण १९८६ साली ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आले तेव्हा ते घरच्यांसाठीही खुले झाले. पुस्तकाला वाचक वगळता येत नाही. आत्मकथनांची ताकद ज्या अनेक गोष्टींत होती त्यांतली ही एक आहे. ज्याला ऐकवायचे त्याच्याच घरात ती जाऊन बसली.

स्टेटस वाचक निवडते. ज्याने ऐकले पाहिजे त्याला ते वगळते आणि ज्याला आधीच सारे पटले आहे त्याला ते पुन्हा ऐकवते. त्या चार ओळींखाली माझ्या विद्यार्थ्याला जे निळे हृदय, जी वळलेली मूठ मिळाली, ती सारी आपल्याच माणसांची होती. त्याने त्याला बळ मिळाले हे खरे. पण दिव्याखाली वाचणाऱ्या विद्यार्थ्याची ती प्रतिमा त्याच्या शेजारच्या कॉटवरच्या मुलाने वाचली असती तर ती कविता झाली असती. तोही शिकण्यासाठी गाव सोडून आलेला, तोही उजेड शोधणारा. त्याला वगळल्यामुळे ती फक्त आपली निशाणी राहिली.

ही निशाणी इतकी महत्त्वाची का झाली, हे समजण्यासाठी या पट्ट्याचा थोडा इतिहास पाहावा लागेल. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढच्या दशकांत टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. १९८२ मध्ये येथे महानगरपालिका झाली. त्या पिढीचा कामगार कायम होता. त्याची वसाहत होती, युनियन होती, गेट मीटिंग होती. १९८९ साली टेल्कोच्या कामगारांनी पुण्यात शनिवारवाड्यासमोर उपोषण केले तेव्हा शेजारी कोणत्या जातीचा बसला आहे हे विचारायला सवड नव्हती. त्या काळाचे गोडवे गाण्याचे मला कारण नाही. कॅन्टीनमध्ये एकत्र जेवणारे लोक मुलीचे लग्न ठरवताना वेगळेच होते आणि झोपडपट्टीत कोण राहतो हे सर्वांना माहीत होते. पण वीस-पंचवीस वर्षे एकाच मशिनशेजारी उभे राहिल्याने एकमेकांची जात ठाऊक असूनही टिकणारी काही मैत्री निर्माण होत असे. ती लपवण्यावर उभी नव्हती. कारण इतकी वर्षे कोणी काही लपवू शकत नाही.

चाकणचा कारखाना निराळा आहे. तेथे गेल्या पंचवीस वर्षांत देशी-परदेशी मोटारींचे कारखाने उभे राहिले, त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो उद्योग आले. त्यांत कायम कामगार थोडे आणि ठेकेदाराचे, ट्रेनी, अप्रेंटिस असे फार. वर्षात २४० दिवस भरले तर सलग नोकरीचा हक्क सांगता येईल म्हणून सात महिन्यांतच ब्रेक द्यायचा, ही येथली जुनी रीत. सात महिन्यांच्या नोकरीत मैत्रीही सात महिन्यांची होते. मशिनही बदलते, खोलीही बदलते. आणि २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यापासून स्वस्त डेटा या मुलांच्या हाती आला. माणसे बदलत राहिली. फोनमधला गट तेवढा बदलला नाही. गावच्या गटात, समाजाच्या गटात, महापुरुषांच्या नावाच्या गटात तो मुलगा परभणीत जितका होता तितकाच चाकणमध्येही राहिला. ज्या शहरात येऊन बाबासाहेबांच्या अपेक्षेप्रमाणे गावाची जातीची चौकट सुटावयाची, त्या शहरात तो गाव खिशात घालून आला. हे दलित तरुणाचे झाले तसे सवर्ण तरुणाचेही झाले.

याचा अर्थ काय होतो हे १ जानेवारी २०१८ ला दिसले. भीमा कोरेगावला लढाईच्या द्विशताब्दीला जमलेल्या लोकांवर हल्ले झाले. चाकणहून शिक्रापूरच्या रस्त्याने तासाभरात तेथे पोहोचता येते. त्या रात्री चाकणच्या एका खोलीत राहणारे चार विद्यार्थी मला पुढे जे सांगत होते ते असे : चौघेही आपापल्या कॉटवर पडून फोन पाहत होते. चौघांच्या फोनमध्ये त्याच रस्त्याची बातमी होती, पण ती एक बातमी नव्हती. एकाच्या गटात आपली माणसे मार खात होती. दुसऱ्याच्या गटात तीच माणसे मारत होती. कोणी कोणाला काही विचारले नाही. पूर्वी दंगलीची अफवा गल्लीतून येत असे आणि शेजारी तिला निदान खोटे म्हणू शकत असे. आता ती प्रत्येकाच्या कानात वेगळी येते. त्याच वर्षी ३० जुलैला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात चाकणमध्येच बसगाड्या पेटल्या, तेव्हाही त्या खोलीत असेच घडले. महिनाअखेर चौघे चार खोल्यांत गेले. भांडण झाले नव्हते. भांडण झाले असते तर बरे झाले असते, असे आज मला वाटते.

१९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना करणारे मित्र दोन वर्षांत एकमेकांविरुद्ध उभे राहिले. पण ते जाहीर उभे राहिले. सभेत, वर्तमानपत्रात, नाव घेऊन, मुद्दे मांडून. त्या वादाने चळवळीचे नुकसान झाले. तरी आज आपण तो वाचू शकतो आणि त्यातून शिकू शकतो. एक शब्दही न बोलता जो मित्र गटातून बाहेर पडतो त्याच्याकडून काय शिकणार?

आता माझ्या विद्यार्थ्याकडे परत येतो. गेल्या पावसाळ्यात पॉवर प्रेसवर त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. हा अपघात या पट्ट्यात नवा नाही. मी महापालिकेच्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. त्याच्या स्टेटसवर मुठी वळणारे चारशे जण तेथे नव्हते. होता तो एक रूमपार्टनर, बीड जिल्ह्यातल्या मराठा शेतकरी घरातला. त्यानेच त्याला मोटारसायकलवर बांधून आणले होते, त्यानेच रक्ताच्या धावपळी केल्या होत्या, त्याचा सदरा अजून रक्ताने भिजलेला होता. वगळलेल्यांच्या यादीतले नाव रात्रभर कॉटशेजारी बसून होते.

सकाळी परभणीहून आई आली. तिने वॉर्डात शिरताच मला मोठ्याने “जय भीम, सर” म्हटले आणि मग मुलाच्या अंगावर पडून रडू लागली. तिला कोणतीही यादी ठाऊक नव्हती. तो रूमपार्टनर चहाचा ग्लास घेऊन उभा होता. त्याने तो चहा तिला दिला. मग तो बाहेर आला आणि मला म्हणाला, “सर, दोन वर्षं एका ताटात जेवलो. त्यानं मला सांगितलं नाही.”

त्याच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होते. मी विचारले, “सांगितलं असतं तर?”

तो बराच वेळ गप्प राहिला. नंतर म्हणाला, “तर मी खोलीतच राहिलो असतो, सर. पण गावाकडं सांगितलं नसतं.”

या एका वाक्यात मला साऱ्या प्रश्नाचा उलगडा झाला. त्याच्या फोनमध्येही वगळलेल्यांची यादी आहे. तीत त्याचे वडील आहेत, चुलते आहेत, गावचा गट आहे. माझ्या विद्यार्थ्याने जात जाहीर केली, पण मित्राला वगळून. त्या मुलाने मैत्री केली, पण नातलगांना वगळून. एकाची अस्मिता आणि दुसऱ्याची मैत्री दोन्ही खऱ्या आहेत, आणि दोन्ही परस्परांना दिसू नयेत अशी व्यवस्था आहे. जात ही व्यवस्था हजारो वर्षे अशीच चालत आली : माणसे माणसाशी चांगली वागतात, पण समाजाला कळू देत नाहीत. फोनने हे काही नवे निर्माण केले नाही. त्याने या जुन्या लपवाछपवीला एक कळ दिली आणि ती दाबणे इतके सोपे केले की ती दाबताना हात थरथरत नाही.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ लिहिताना लोकशाहीचा विचार केवळ राज्यकारभाराची पद्धत म्हणून केला नाही. एकत्र जगणे, अनुभव एकमेकांना देणे आणि घेणे, समाजाच्या एका भागातील गोष्ट दुसऱ्या भागापर्यंत मोकळेपणाने झिरपणे, याला त्यांनी लोकशाही म्हटले. पुढे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी मैत्रीला करुणेहूनही व्यापक स्थान दिले. आपल्या विचारात मैत्री हा शब्द धम्माचा आहे. तो ‘फ्रेंड रिक्वेस्ट’ला दिलेला मराठी प्रतिशब्द नाही. या कसोटीवर पाहिले तर गटाच्या भिंतीआत फिरणारे शब्द कितीही जहाल असोत, ते झिरपत नाहीत. आणि जे झिरपत नाही त्याने जात मरत नाही.

यावर माझीच एक विद्यार्थिनी मला अडवते. ती वायर हार्नेसच्या कारखान्यात उभ्याने काम करते आणि इन्स्टाग्रामवर एका फुलाच्या नावाने कविता लिहिते. तेथे तिचा चेहरा नाही, आडनाव नाही. ती म्हणाली, “सर, खोटं नाव फक्त भित्र्यांचं असतं का? खऱ्या नावानं मला घरात, कंपनीत काही बोलता येत नाही. त्या नावानं मी खरं बोलते.” तिचे म्हणणे मी नाकारू शकत नाही. स्त्रीला, त्यातही दलित स्त्रीला, स्वतःची खोली कोणी दिलेली नाही. तिने ती फोनमध्ये बांधली. लपण्याची जागा आणि वाढण्याची जागा पुष्कळदा एकच असते. बेबीताईंची दुकानातली वही हेच सांगते. मी तिला एवढेच म्हणालो, की वही कधीतरी दुकानाबाहेर यावी लागते. केव्हा, ते तू ठरव. मी ठरवणार नाही.

पण आपल्यातल्या सुरक्षित लोकांना हा बचाव उपलब्ध नाही. ज्यांची नोकरी कायम आहे, ज्यांच्या नावावर घर आहे, ज्यांना महिन्याच्या महिन्याला पगार येतो, असे आपण प्राध्यापक, अधिकारी, कार्यकर्ते १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला चित्र बदलतो आणि चळवळ केल्याचे समाधान मिळवतो. गटात एकमेकांना बाबासाहेब शिकवतो. सवर्ण पुरोगामी मित्र आपल्या लेखाखाली अंगठा उमटवतो. पण त्याच्या इमारतीतली रिकामी खोली आपल्या विद्यार्थ्याला द्यायची वेळ आली की त्याला सोसायटीचे नियम आठवतात. आपण त्याला ते विचारत नाही, कारण मैत्री बिघडेल. जी मैत्री एका खोलीच्या प्रश्नाने बिघडते ती बिघडलेलीच बरी.

देहूरोडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दरवर्षी त्या दिवशी तेथे लोक जमतात. गेल्या डिसेंबरात माझा विद्यार्थी तेथे गेला, हातावरच्या जखमा भरल्या होत्या. त्याच्याबरोबर तो बीडचा मुलगा होता. मला बोलवायला कोणी सांगितले नव्हते; मी त्यांना तेथे गर्दीत पाहिले. दोघांनी विहारासमोर उभे राहून एक फोटो काढला, तो मीच काढला. विद्यार्थ्याने डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला होता. तो फोटो आज दोघांच्या फोनमध्ये आहे. दोघांच्याही स्टेटसवर तो आलेला नाही.

मला यात पराभव दिसत नाही. पण विजयही दिसत नाही. त्या फोटोला ज्या दिवशी परभणीतून, बीडमधून आणि चाकणच्या खोलीमालकाकडून एकाच वेळी पाहिले जाईल, त्या दिवशी आपल्या साहित्याला एक नवा विषय मिळेल. तो दिवस आणण्याचे काम त्या दोन मुलांवर टाकणे अन्यायाचे आहे. त्यांच्यापाशी सात महिन्यांची नोकरी आहे आणि एकापाशी आठ बोटे आहेत. ते काम ज्यांना कमी गमवायचे आहे त्यांनी आधी केले पाहिजे.

म्हणून शेवटी माझ्या यादीविषयी सांगणे भाग आहे. त्या १३ एप्रिलच्या रात्री विद्यार्थी गेल्यावर मी माझा फोन उघडला. मीही दरवर्षी वगळत होतो. माझ्या यादीत सात नावे होती : विभागातले दोन सहकारी, सोसायटीचे सेक्रेटरी, मुलीच्या पाळणाघरातल्या काकू, गॅसवाला, एक जुना मित्र आणि ज्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही भाड्याने राहतो ते काका. पदवी घरात प्रथम आणणाऱ्या माणसाने ही यादी केव्हा केली, ते मला आठवेना. त्या वर्षी मी ती तशीच ठेवली.

यंदा १४ एप्रिलला मी ती रिकामी केली आणि त्या मुलाच्या त्याच चार ओळी त्याच्या परवानगीने टाकल्या. सातांपैकी पाच जणांनी त्या पाहिल्या, हे फोनने मला दाखवले. जुन्या मित्राने लिहिले, “कविता कोणाची? छान आहे.” घरमालक काकांनी सकाळी ८ वाजून १० मिनिटांनी पाहिले. ते काही बोलले नाहीत. जिन्यात भेटले तेव्हा नेहमीप्रमाणे पाण्याच्या टाकीविषयी बोलले.

आमचा अकरा महिन्यांचा करार ऑक्टोबरात संपतो.